थंडीचा प्रवास : मुंबई बंदर आणि नाशवंत माल

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘बर्फ’ असे एका शब्दात उत्तर दिले. चैत्र-वैशाखाचे दिवस, तेव्हा ही थट्टाच असावी असे त्यांना वाटले. गिरणी आणि गोदी सोडून कामगार चळवळीतला माणूस बर्फावर काय बोलणार? पण आम्ही थट्टा करीत नव्हतो. ज्या वस्तूवाचून आंबा, द्राक्ष, कोळंबी आणि मांस समुद्र ओलांडू शकत नाही, त्या वस्तूचा, म्हणजे थंडीचा इतिहास सांगावा असे फार दिवस मनात होते. आम्ही विद्वान नव्हे. रात्रशाळेत जेवढे शिकलो तेवढे शिकलो, बाकीचे ग्रंथालयाच्या बाकावर बसून वाचले. त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचे बालपण परळच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साच्यावर. मे महिन्याच्या दुपारी बर्फवाल्याची हातगाडी येई. लाकडाच्या भुशात लोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी फोडून तो तुकडा देई आणि आम्ही पोरे तो फडक्यात धरून तिसऱ्या मजल्याकडे धाव घेत असू. वर पोचेपर्यंत निम्मा बर्फ जिन्यावर गळून जाई. आई विचारी, ‘एवढ्याशाचे एवढे पैसे?’ बर्फवाल्याचा त्यात काही दोष नसे. त्याने पुरे वजन दिलेले असे. तुकडा त्याच्या हातातून सुटला, की पुढे वितळेल ते आमचे नुकसान. वितळलेल्या बर्फाचा हिशेब कोणाच्या नावावर पडतो, ह्या प्रश्नाची गाठ तेव्हाच पडली. पुढे वाचता वाचता ध्यानात आले की ह्या साऱ्या व्यापाराचा इतिहास ह्याच प्रश्नाभोवती फिरतो.

थंडी प्रथम बाहेरून आली

आज आपण थंड केलेला माल परदेशी धाडतो. पण मुंबईच्या बंदरात थंडी प्रथम आली ती परदेशातून. १८३३ सालच्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिने प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, ते सप्टेंबरात कलकत्त्यास लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले असे ‘मुंबई समाचार’ने छापले, ही हकीकत जुन्या मुंबईच्या इतिहासात अजून हसत हसत सांगितली जाते. पुढे हा बर्फ साठवायला कोटात, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ, घुमटाची ‘आइस हाऊस’ नावाची वखार उभी राहिली.

बर्फ वितळत कसा नव्हता? वितळत होताच, पण सावकाश. मॅसॅच्युसेट्समधली तळी हिवाळ्यात गोठत, त्यांतून सारख्या मापाच्या लाद्या कापत, एकमेकींना घट्ट भिडवून जहाजाच्या पोटात रचत आणि भोवती लाकडाच्या वखारीतला भुसा ठासून भरत. भुसा फुकटात जमा असे, तळ्याच्या पाण्याला किंमत नसे, आणि बोस्टनहून पूर्वेकडे निघणाऱ्या जहाजांना भरायला पुरेसा माल नसे, म्हणून भाडेही हलके. तीन टाकाऊ गोष्टी एकत्र करून फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्याने धंदा उभारला. त्याआधी तो कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला होता. वाटेत वितळेल ते नुकसान त्याचे स्वतःचे होते, हे आपण लक्षात ठेवू. अशा जहाजांतून बर्फाच्या आधाराने सफरचंदेही कलकत्त्यास आली. नाशवंत फळ थंडीत राखून हिंदुस्थानच्या बंदरात उतरवल्याचा हा फार जुना दाखला आहे.

यंत्राची थंडी

पुढे बर्फ यंत्राने होऊ लागला आणि १८७०-८० च्या सुमारास आपल्याकडेही बर्फाचे कारखाने निघाले, तसा अमेरिकेचा बर्फ बंद झाला. यंत्राचे तत्त्व साधे आहे. अंगावरचा घाम वाळला की गार वाटते. कारण द्रव वाफ होताना उष्णता घेऊन जातो. लगेच वाफ होणारा पदार्थ नळीतून खेळवायचा, तो आतली उष्णता शोषून वाफ होतो, यंत्र त्याला दाबून पुन्हा द्रव करते आणि उष्णता बाहेर टाकते. थंडी निर्माण होत नाही, उष्णतेची हकालपट्टी होते, एवढेच. यंत्र थांबले की उष्णता दार ठोठावीत आत येते.

हे यंत्र जहाजावर चढवण्यात पुष्कळांचे हात पोळले. ऑस्ट्रेलियातला जेम्स हॅरिसन ह्याने १८७३ साली ‘नॉरफोक’ जहाजातून गोठवलेले मांस लंडनला धाडले. ते वाटेतच नासले आणि त्याचे दिवाळे वाजले. १८८० च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॅथलेवन’ ही बोट सुमारे ४० टन मांस सुस्थितीत घेऊन ऑस्ट्रेलियातून लंडनला पोचली, आणि १८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मांस घेऊन ९८ दिवसांत लंडनला लागले. शिडे वाऱ्यावर, आणि थंडी मात्र कोळशावर! उष्ण कटिबंधात वारा पडला, तेव्हा मालाभोवती थंड हवा नीट फिरेना. कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोळकांडीत सरपटत शिरला, भोके पाडून हवेला वाट करून दिली आणि तेथेच गारठून बेशुद्ध पडला. खलाशांनी पायाला दोर बांधून ओढले म्हणून वाचला. माल सुखरूप पोचला आणि न्यूझीलंडसारख्या दूरच्या देशाचे नशीब पालटले. नशीब पालटल्याचे सर्व लिहितात; दोर कोणी ओढला त्यांची नावे कोणी लिहीत नाही.

जिवंत माल

मांस मेलेले असते. ते दगडासारखे गोठवले की भागते. फळ मात्र झाडावरून उतरले तरी जिवंत असते. ते श्वास घेते, ऊब सोडते, पिकते आणि शेवटी नासते. त्याला मारायचे नाही, नुसते डुलकी लागेल इतके थंड करायचे. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट ह्या शास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या ह्या श्वासाचा बारकाईने अभ्यास केला. आपल्याकडे हाच प्रश्न हापूसने घातला.

कोकणातली आंब्याची पेटी मुंबईला येणे ही पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट. देठासकट उतरवलेला तयार आंबा, पेटीत पेंढा, घरी आढी. आठ-दहा दिवसांत घर दरवळते. पण लंडन आठ दिवसांवर नव्हते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला म्हणून आफ्रिकेचा वळसा वाचला, तरी पंधरवडा-तीन आठवडे लागणारच. १९३२ आणि १९३३ च्या हंगामांत मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने आंबा बोटीने युरोपात पाठवून पाहिला आणि चीमा व दाणी ह्यांनी त्याचा अहवाल १९३४ साली प्रसिद्ध केला. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या बागेत चीमा, करमरकर, जोशी ह्या मंडळींनी शीतगृहात आंबा ठेवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. कोणत्या अवस्थेत उतरवावा, किती अंशांवर ठेवावा, बाहेर काढल्यावर कसा पिकवावा, हे त्यांनी पेट्या मोजमोजून पाहिले.

त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जितकी थंडी जास्त तितके फळ टिकते, हा समज हापूसच्या बाबतीत खोटा. कच्चा आंबा फार थंडीत बरेच दिवस राहिला, तर त्याची साल काळवंडते, बाहेर काढल्यावर तो धड पिकत नाही आणि चवीला पाणचट लागतो. म्हणून कच्चा आंबा आज साधारण बारा-तेरा अंश सेल्सिअसला ठेवतात. तेवढ्या उबेत तो हळूहळू पिकतच राहतो. सफरचंदाला शून्याजवळची थंडी मानवते, मांसाला त्याहून कितीतरी खालची लागते, आंब्याला दोन्ही सोसत नाहीत. बोटीच्या एका कप्प्यात एकच थंडी. मग मूठभर पेट्यांसाठी वेगळा कप्पा कोण राखणार? राखलाच तर भाडे फळाच्या किमतीवर चढणार. नाकापेक्षा मोती जड, अशी गत. शिवाय वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसच्या पोटात साका निघाला, तर तो ग्राहकाच्या सुरीलाच कळतो. त्यामुळे पुढे विमाने आली तेव्हा हापूस विमानात बसला आणि बोट मागे राहिली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीने तयार केलेला आंबा २०२२ साली वाशीहून समुद्रमार्गे अमेरिकेस गेला आणि सुमारे पंचवीस दिवसांत पोचला. १९३२ चा धडा पुरा व्हायला नव्वद वर्षे लागली.

कोळंबी आणि बोटे

आंबा अडखळला, पण कोळंबी गेली. पूर्वी आपल्या किनाऱ्यावरून परदेशी जाई ती मुख्यतः सुकवलेली किंवा खारवलेली मासळी. ऊन आणि मीठ हेच तिचे शीतगृह. १९५३ साली कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेस रवाना झाली आणि सारी पश्चिम किनारपट्टी त्या वाटेने निघाली. १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ससून गोदी मासळीची गोदी होऊन बसली होतीच. बोट लागली की पहाटेच्या आत बर्फाचा चुरा, टोपल्या, लिलावाचा आरडाओरडा, आणि कडेला ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बाया. कोळंबी थंड राहिली पाहिजे, म्हणून बोटे बर्फाच्या पाण्यात. मजुरी सोललेल्या वजनावर. बोटांची कातडी भिजून फुगते, काटा रुतला तर चिघळते, आणि बोट चिघळले की वजन घटते. १९९७ साली युरोपने अस्वच्छतेच्या कारणावरून आपल्या मासळीला दार बंद केले, तेव्हा भिंतींना फरशा आल्या, डोक्याला टोप्या आल्या. चांगलेच झाले. पण युरोपच्या तपासनिसाच्या वहीत फरशीचा रकाना होता, मजुरीचा नव्हता.

पेटीत शिरलेले बंदर

आता गोदीकडे वळू. जुन्या काळी बोट धक्क्याला लागली की टोळ्या चढत. हातात हूक, वर यारी, जाळीत गोण्या आणि पेट्या, मुकादमाची हाक. काम आज आहे, उद्या नाही. १९४८ सालच्या गोदी कामगार कायद्याने आणि १९५१ साली मुंबईत लागू झालेल्या योजनेने ह्या माणसांची नोंद झाली, पाळी ठरली, काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे काही पैसे पदरात पडू लागले. हे फुकट मिळाले नाही. प्लॅसिड डिमेलो ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आणि हजारो अनामिकांनी त्यासाठी तुरुंग पाहिले आहेत.

१९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅकलीन ह्याने ट्रकवरच्या मोठ्या धातूच्या पेट्या जशाच्या तशा जहाजावर चढवल्या आणि कंटेनरचे युग सुरू झाले. नाशवंत मालाच्या दृष्टीने ह्यात खरी क्रांती होती. प्रत्येक पेटीला स्वतःचे यंत्र, स्वतःची थंडी. एकाच जहाजावर एका पेटीत शून्यावर द्राक्षे, शेजारच्या पेटीत उणे अठरावर कोळंबी, तिसरीत बारा-तेरावर आंबा. १९३२ साली मूठभर पेट्यांसाठी जो कप्पा मिळत नव्हता, तो आता एका गावातल्या शेतकऱ्यांनाही भाड्याने मिळू लागला. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले ते अशाच पेट्यांसाठी. तेथल्या याऱ्यांना जुन्या टोळ्यांची गरज नव्हती. १९९४ साली मुंबई गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. १९८२ च्या संपात गिरण्यांचे भोंगे बंद पडलेले आम्ही बारा वर्षांचे असताना ऐकले होते. गोदीचा आवाज मात्र एकाएकी थांबला नाही, उतारवयातल्या माणसाच्या बोलण्यासारखा हळूहळू कमी होत गेला. आम्ही यंत्राला शिव्या देणारे नव्हे. पाठीवरचे ओझे उतरले ह्याचा आम्हांला आनंदच आहे. ओझ्याबरोबर भाकरीही उतरली, एवढीच तक्रार.

द्राक्षाची परीक्षा

ह्या पेटीचा सर्वांत मोठा लाभ महाराष्ट्रात घेतला तो नाशिक, सांगलीकडच्या द्राक्ष बागाईतदारांनी. १९९१ साली सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ स्थापन केली. सुरुवातीस माल परत आला, फेकून द्यावा लागला. पण माणसे शिकली. घड सकाळच्या गारव्यात कापायचा, काही तासांत थंड खोलीत नेऊन त्याच्या अंगातली उन्हाची ऊब काढायची, खोक्यात बुरशी रोखणाऱ्या गंधकाच्या वायूचा कागद घालायचा, मगच कंटेनर. कारण कंटेनर माल थंड करीत नाही, थंड केलेला माल थंड राखतो. शिवारात दोन तासांची हयगय झाली, तर ती रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर देठ तपकिरी होऊन दिसते.

आणि मग २०१० साल उजाडले. वेलीची वाढ आवरण्यासाठी फवारतात त्या क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचे अंश युरोपात मर्यादेहून अधिक आढळले. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या औषधांची तपासणी होई, त्या यादीत हे नावच नव्हते. कागद बरोबर, शिक्के बरोबर, आणि कंटेनर परक्या बंदरात अडकून पडलेले. पुढे यादी सुधारली, नियम आले. बैल गेला अन् झोपा केला. पण त्या हंगामाचे नुकसान? भाडे बोटवाल्याने आधीच घेतलेले. दलालाचा पैसा विक्रीवर. माल बव्हंशी विकला जाईल तसा हिशेब, ह्या बोलीवर गेलेला. फिरून फिरून नुकसान वेलीच्या बुंध्याशी आले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, म्हणतात ते काय निराळे? चाळीच्या जिन्यावर गळलेला बर्फ आम्हांला तेव्हा पुन्हा आठवला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, सुएझची वाट टाळून बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि २०२४ च्या हंगामात द्राक्षांचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. १८६९ पूर्वीचा नकाशा परत आला. वाढलेल्या दिवसांची थंडी आणि वाढलेले भाडे अखेर कोणाच्या भावातून कापले गेले, हे सांगायला नको.

आमचीही एक चूक

दुसऱ्याचे हिशेब काढणाऱ्याने स्वतःचाही दाखवावा. वीसेक वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका शीतगृहातल्या कामगारांनी आम्हांला बोलावले. आत उणे अठरा अंश. पाळीला माणसे अकरा आणि जाड कोट चार. एकाने बाहेर येऊन काढायचा, दुसऱ्याने तोच घामेजलेला घालून आत जायचे. दाराशी एक यंत्र होते. त्यावर कागदाची गोल तबकडी फिरे आणि आतल्या थंडीची रेघ रात्रंदिवस उमटे. दोन अंशांचा फरक पडला तरी साहेब धावत येई. आम्ही सभेत म्हणालो, ‘मालाच्या अंगाची नोंद दर क्षणाला, आणि माणसाच्या बोटांची नोंद वर्षातून एकदाही नाही.’ टाळ्या पडल्या. अकरा दिवस काम बंद राहिले. शेवटी माणशी एक कोट, हातमोजे आणि दर तासाला बाहेर येऊन ऊब घेण्याची सुट्टी, असा करार झाला. गुलाल उधळला.

हंगाम संपला तेव्हा कळले, की अकरापैकी सहा माणसे कंत्राटदाराची होती. करारावर कंपनीच्या पाचांचीच नावे. सहा जणांना ‘पुढच्या हंगामात बघू’ असे सांगून घरी पाठवले आणि पुढच्या हंगामात नवी माणसे आली. बाजू मांडायला गेलो, तर साहेबाने करार पुढे सरकवला. खाली आमची सही. ते सहाही जण त्या अकरा दिवसांत आमच्याबरोबर दाराशी बसले होते. त्यांतल्या एकाची गाठ पुढे दादर स्थानकावर पडली. त्याने चहा पाजला, रागाचा शब्द काढला नाही. त्या चहाची चव आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून कोणताही करार हातात आला, की आम्ही कलमे नंतर वाचतो. आधी माणसे मोजतो.

श्रोतेहो, परळ स्थानकाच्या पुलाखाली आज फळवाल्याच्या गाडीवर न्यूझीलंडची किवी मिळते. ‘ड्युनेडिन’ ज्या देशातून निघाले होते, तेथलेच हे फळ. आमच्या गिरणगावात पिरॅमिडसारखे रचून ठेवलेले. वर फळवाला ओल्या फडक्याचा शिबका मारतो, कारण त्याच्यापाशी शीतगृह नाही. जगाच्या दुसऱ्या टोकापासून राखलेली थंडी शेवटच्या दहा पावलांवर संपते आणि संध्याकाळी जे मऊ पडेल ते त्याचे नुकसान. आम्ही परवा त्याला विचारले, ‘खराब निघाले तर वाशीचा व्यापारी परत घेतो काय?’ तो हसला आणि म्हणाला, ‘काका, पेटी उचलली की आपली.’

मुंबईत थंडी येऊन जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. ह्या काळात बर्फ कसा टिकवावा, हे माणसाने उत्तम शिकून घेतले. वितळलेल्या बर्फाचा हिशेब कसा वाटून घ्यावा, हे शिकायचे राहिले आहे. ते कोणते यंत्र शिकवणार नाही. बागाईतदार, सोलणाऱ्या बाया, शीतगृहातली माणसे आणि हा फळवाला ह्यांनी एका बाकावर बसून ते लिहून काढावे लागेल. तो कागद तयार होईल तेव्हा आम्हांला जरूर बोलवा. सही करण्याआधी आम्ही नावे मोजून घेऊ.